द्राक्षरसाचा नेम

माघ सरत आलेला. कादवेकाठचं ऊन पिकून पिवळं झालेलं. पिकून पिवळं आणि दमून मवाळ. खुडून घेतलेल्या द्राक्षवेली तारांवर हात टाकून उभ्या होत्या, फलभार उतरलेल्या, श्रान्तपर्ण, शून्यदृष्टी. बाळंतपणानंतर यावी तशी एक रिती ग्लानी त्या साऱ्या उतारावर पसरली होती.

उताराच्या टोकाशी दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत अनसूयाबाईंचे देव. मागच्या खोलीत विश्वंभरपंतांचं पिंप, आणि पिंपात काळ्या द्राक्षांचा रस; वाइन व्हायला निघालेला, अजून न झालेला.

चौतीस वर्षं विश्वंभरपंतांनी नाशिकच्या स्थानकावर एसटी गाड्या पुकारल्या. धुळे, नंदुरबार, शहादा. शहादा, नंदुरबार, धुळे. साऱ्या जगाला गाडीत बसवून दिलं, आपण फलाटावरच राहिले. दोन गाड्यांच्या मधल्या फटीत ते वाइनची पुस्तकं वाचत. येत्या मेअखेर निवृत्ती. मग वेलींत राहायचं, आणि आपल्या बागेची, आपल्या हातची, गर्दजांभळी वाइन करायची. एवढं एकच मागणं त्यांनी उरल्या आयुष्याकडे मागितलेलं.

दोन वर्षं रस बिघडला, आंबटढाण झाला. "यंदा बिघडला तर वेली उपटून टाकीन," पंत म्हणाले होते. रागानं म्हणाले असते तर अनसूयाबाईंनी मनावर घेतलं नसतं. ते थकून म्हणाले होते.

अनसूयाबाईंचे सोमवार, प्रदोष, एकादशी. त्यांचं सोवळं, त्यांचं मौनमृदू जगणं. तीन वर्षांत मागच्या खोलीचा उंबरा त्यांनी ओलांडला नाही. भांडल्याही नाहीत. "तुमचं तुम्ही बघा," एवढंच.

आणि शिवरात्र आली. त्र्यंबकच्या जत्रेला जादा गाड्या, पंतांना सहा दिवस मुक्कामी ड्यूटी. पहाटे पिशवी घेऊन ते दारात घुटमळले.

"साली वर तरंगून येतात. दिवसातून तीनदा तो थर खाली दाबावा लागतो. कोरडा पडला की संपलं." पिशवी या हातातून त्या हातात गेली. "जाऊ दे. मी तुला सांगत नाहीये."

"मी तरी कुठे ऐकतेय," अनसूयाबाई म्हणाल्या, आणि वाती वळत राहिल्या.

गाडीची धूळ खाली बसली. एक शब्द तेवढा बसेना. तीनदा. सकाळ, माध्यान्ह, सांज. दारूचं काही त्यांना कळत नव्हतं. पण दिवसातून तीनदा, न चुकता, कुणी बघो न बघो, हे त्यांना फार जुनं कळलेलं होतं.

त्या उठल्या. पदर नाकाला लावला. उंबरा ओलांडला.

पिंपावरचं फडकं दूर होताच उबदार, उग्रमधुर श्वास अंगावर आला. वर सालींचा थर, जाडजूड, नीलकृष्ण, फुगून आलेला. त्यांनी लाकडी दट्ट्या उचलला. किती वेळा दाबायचं, ते कुणी सांगितलंच नव्हतं. मग प्रत्येक दाबाला एक नाम. दाब आणि नाम. नाम आणि दाब. थर बुडे, रस उसळे, मनगटावर जांभळे थेंब उडत.

मग पुन्हा अंघोळ. मग देव. माध्यान्ही पुन्हा थर, पुन्हा अंघोळ. सांजेला पुन्हा थर, पुन्हा ते गार पाणी, पुन्हा ती थरथर. शिवरात्रीला निराहार उभ्या राहून दाबलं. चौथ्या दिवशी खांदा वर जाईना. पाचव्या दिवशी दट्ट्याला कपाळ टेकून त्या उभ्याच राहिल्या, थोडा वेळ. हे पाप की पुण्य, हे त्यांनी देवाला विचारलं नाही. नको म्हणाला असता, तर थांबावं लागलं असतं.

सातव्या दिवशी दुपारी पंत आले. धूलिधूसर, जागरणानं डोळे खोल गेलेले, आवाज पार बसलेला. हात-पाय न धुता ते रिकामी बादली घेऊन मागच्या खोलीत गेले. रस ओतून टाकायचा, आणि उद्यापासून वेली.

फडकं उचललं. वाकले. वाकलेलेच राहिले. आंबट वास नव्हता. रस काळोखासारखा गडद, मंद मंद श्वसत होता. कडेला बोट बुडवून त्यांनी जिभेवर टेकवलं, आणि ओठ आवळले.

"अनसूया," ते कुजबुजले, "किती वेळा दाबत होतीस?"

दारातून उत्तर आलं, "एकशे आठ."

"दिवसाला?"

"दर वेळेला."

"वीस पुरे होते गं."

"अपुरी माळ कशी सोडायची? बिघडलं का?"

"नाही. पण सालींचा सगळा तुरटपणा उतरलाय. कडक झालीये." ते बादली पालथी घालून तिच्यावर बसले. "मवाळ व्हायला चार वर्षं तरी लागतील. येत्या हिवाळ्यात प्यायची म्हणत होतो मी."

"मग थांबू की चार वर्षं," अनसूयाबाई म्हणाल्या. "आता कुठली गाडी सुटतेय तुमची?"

पंत हसले, त्या हसण्याला आवाज नव्हता.

त्या खाली टेकल्या, भिंतीला पाठ लावून. न विचारता पंतांनी त्यांचा दुखरा हात ओढून गुडघ्यावर घेतला आणि खांद्यापासून मनगटापर्यंत हळू हळू दाबू लागले. उतारावरचं ऊन उतरत गेलं, वेलींच्या सावल्या लांबत गेल्या, बाईंचे डोळे मिटत गेले. ते दाबत राहिले, दाबत राहिले; आणि मोजलं कुणीच नाही.