टेकडीवरच्या घराचा नियम

“दारापुढचा हा उतार नको हो! दवाखान्यासारखं वाटतं. मस्त पाच पायऱ्या द्या,” माझ्या नकाशावर बोट आपटत प्राध्यापक म्हणाले. परवाच जिना उतरताना त्यांनी माझा खांदा घट्ट धरला होता.

मी निवृत्त ड्राफ्ट्समन. जन्मभर दुसऱ्यांच्या घरांचे नकाशे काढले. आम्ही आठ म्हाताऱ्यांनी मिळून टेकडीवर, झाडीत घर बांधायचं ठरवलं, तेव्हा नकाशाचं काम माझ्याच गळ्यात पडलं. दोन वर्षं मी रेघा ओढतोय आणि ही मंडळी त्या खोडायला लावताहेत. बँकवाल्यांना झाडावर मचाण हवं. दोन्ही गुडघे बदललेले! डॉक्टरीणबाईंना बाथरूममध्ये धरायचा दांडा नको, भिंत वाईट दिसते. झाडीत राहायला जायचं म्हणजे वय इथेच ठेवून जायचं, अशी यांची समजूत. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण थोडी अक्कल तरी असावी.

मी सगळं ऐकून घ्यायचो, ते बायकोसाठी. हिला आताशा काही आठवत नाही. गेल्या महिन्यात दोनदा घराबाहेर पडून वाट चुकली. मी एकटा किती पुरणार? म्हणून आमची खोली मी स्वयंपाकघराला लागून काढली होती, येताजाता चार माणसांचं लक्ष राहील अशी.

“आता शेवटचा नियम,” बँकवाले घराच्या नियमांचा कागद पुढे धरत म्हणाले. “ज्याला स्वतःचं स्वतःला करता येणार नाही, त्यानं घर सोडायचं. उगाच बाकीच्यांचा विरस नको.”

“कुणा एकाबद्दल नाही हं हे,” डॉक्टरीणबाई घाईघाईनं म्हणाल्या. माझ्याकडे कुणी बघेना.

अरे, मग म्हातारपणासाठी कशाला, सहलीसाठी बांधा की घर! मनात आलं, पण मी नकाशाची गुंडाळी करत बसलो. या भित्र्यांतलाच मीही एक.

“मंजूर असेल त्यांनी हात वर करा.”

पटापट हात वर गेले. शेजारी बसलेल्या बायकोनं सगळ्यांकडे पाहिलं आणि हसून आपलाही हात वर केला.

“बघा, वहिनींनाही पटलं!” प्राध्यापक सुटका झाल्यासारखे म्हणाले. “आता तुमचाच राहिला.”

“मला नाही पटलं,” मी म्हणालो. “आणि तिला काय पटतं ते सांगायची तुमची लायकी नाही.”

एकेक हात खाली आला. हिचा मात्र वरच होता, शाळेतल्या शहाण्या मुलीसारखा. मी तो हळूच धरून खाली घेतला.

“आपलं बरोबर आलं ना?” तिनं विचारलं.

“हो,” मी म्हणालो, आणि तिच्या चपला शोधायला वाकलो.