कोर्टाचं पाणी

नाल्याचं पाणी पिऊन कोलामगुड्यातली, कोलाम आदिवासींच्या वस्तीतली लेकरं हगवणीनं दगावली, त्यात राहीबाईची नातही गेली. वरच्या गावातल्या गोठ्यांची घाण त्याच नाल्यात उतरत होती. राहीबाईनं तामसीहून बसनं आदिलाबादच्या कोर्टात वर्षभर खेटे घातले. नवी बोअर होईस्तोवर गुड्यानं गावच्या विहिरीतून पाणी भरावं, असा हुकूम शेवटी तिनं आणला. अडवील तो जेलात जाईल, असं तहसीलदारानं चावडीवर बजावलं.

ती हंडा घेऊन गेली, तेव्हा चंपतराव पाटलानं राहाटाचा दोर काढून खांद्यावर टाकला होता.

“कोर्टानं पाणी देल्लं, राहे. दोर नाई देल्ला.”

विहिरीवरच्या बाया खिदळल्या. राहीबाईच्या अंगाची आग झाली. ती गुड्यात परतली, बैलांची दावी सोडली, दाव्याला दावं गाठलं आणि पुन्हा विहिरीवर आली.

“आता अडवून पाह्य, पाटील.”

चंपतराव तिच्या पायाशी थुंकला, पण हात लावायला धजला नाही. तिनं हंडा भरला.

त्या साली गावानं गुड्यातल्या कोणालाच कापूस वेचायला बोलावलं नाही. बाया भीमपूरकडं मजुरीला गेल्या. लेकरं मात्र जगली.