अकरा पाचची भरती

हेमांगीने खिडकीतून हात बाहेर काढून टपावर बांधलेल्या कयाकचा दोर पुन्हा एकदा चाचपला आणि हॉर्न दाबला. गेटमागचा वॉचमन जागचा हलला नाही.

"फ्लॅट नंबर?"

"फ्लॅट नाहीये हो. तुमच्या भिंतीमागे खाडीत उतरायच्या पायऱ्या आहेत ना? होडी उतरवायची आणि गाडी दोन दिवस..."

"होडी?" त्याने वर पाहिलं. "पलीकडे जायचं तर पूल झालाय की मॅडम."

भरती : ११.०५. आता : ९.१०.

शेजारी तिचे वडील, त्र्यंबकराव, मांडीवर लाइफ जॅकेट घेऊन बसले होते. नवं कोरं. दुकानाचं लेबल अजून लोंबत होतं.

"राहू दे, हेमा. चल पुढे. उशीर होतोय."

कयाक त्यांनीच बनवली होती. सारी नोकरी पुलांचे नकाशे काढण्यात गेली. निवृत्तीनंतर दोन वर्षं गच्चीवर प्लायवूड वाकवत बसले. दोन जागा. पुढची तिची, मागची त्यांची. आज डोंबिवलीहून ओहोटीबरोबर नागला बंदर, उद्या वसईच्या तोंडाशी समुद्र, परवा अर्नाळा. सगळं ठरलं होतं. गाडी कुठे ठेवायची, तेवढं सोडून.

खाडीकाठची बाग.

"होडी आत नाही."

"कुठे लिहिलंय?"

शिपायाने बोर्ड दाखवला. बोर्डावर कुत्रे होते, सायकली होत्या, फुगे होते.

"होडी नाहीये यात."

"म्हणून तर मी सांगतोय."

पुलाखाली जागा होती, उतारही होता. हेमांगीने गाडी लावली, दोराच्या तीन गाठी सोडल्या, आणि चपलेखाली काचेचा चुरा करकरला.

"रात्री नका ठेवू हां," टपरीवाला गाळणं झटकत म्हणाला. "परवाच दोन गाड्यांच्या काचा गेल्या."

"आणि दिवसा?"

"दिवसा टोइंगवाला येतो."

तीन गाठी पुन्हा बांधल्या. त्र्यंबकराव तोवर गाडीत जाऊन बसलेही होते.

भरती : ११.०५. आता : १०.२०.

कोपरच्या पुढे रस्ता गावात शिरला, अरुंद झाला, दोन घरांमधून वळला आणि मग रस्ताच...

अंगण. अंगणाच्या टोकाला खाडी. मधे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, वाळत घातलेला जवळा. एक म्हातारी बाई खराट्याने तो खालीवर करत होती.

"मावशी, गाडी ठेवू का इथे? दोन दिवस."

"गारी? नाय गो. जवला सुकतंय, दिसत नाय?"

हेमांगीने स्टिअरिंगवर हात आपटला. त्र्यंबकरावांनी खिशातून भरतीच्या वेळांचा कागद काढून तिच्या हातात कोंबला.

"बघ, अकरा पाच! वीस मिनिटं राहिली. पाणी उतरलं की नुसता चिखल. तू एकटी हो पुढे. मी गाडी घरी नेतो."

"दोघांची होडी एकटीने नेऊ?"

"मागच्या जागेवर पाण्याचे तीन कॅन बांध. तोल राहतो. मी हिशेब करून ठेवलाय."

"कधी केलात?"

त्यांनी जॅकेटचं लेबल बोटाला गुंडाळलं.

"मग दोन वर्षं गच्चीत काय शो-पीस बनवत होतात, बाबा?"

म्हातारीचा खराटा थांबला.

"अकराला? अकराला काय येतंय हितं? अकराला पानी तिकरं मुंबयला. आमचेकरं यायला पावनेदोन तास." ती हसली. "बारा वाजले का मी जवला उचलतंय. मंग लाव गारी. दोन दिस काय, चार दिस ठेव. कुनी इचारलं तं सांग, कलावतीचे अंगनात हाय."

कागद हेमांगीच्या हातातच होता. समासात पेन्सिलीने, नकाशावर लिहितात तशा उभ्या, सुट्या अक्षरांत : डोंबिवली + १ ता. ४० मि. खाली तारीख. गेल्या महिन्यातली.

तिने कागदाची घडी केली आणि वडिलांच्या खिशात परत ठेवली. उतरली. दोर सोडला. पुढचं वल्हं काढलं. मागचंही काढलं, दोन्ही भिंतीला टेकवून उभी केली, आणि कलावतीसमोर उकिडवी बसून हाताने जवळा उलटू लागली.

"अशी नको गो, चुरा होल. हलक्या हातानं."

भरती : १२.४५. आता : १०.५५.

त्र्यंबकराव गाडीतून उतरले. किल्ली हातात होती. अंगणाच्या टोकापर्यंत गेले, चिखलाकडे बघत बराच वेळ उभे राहिले, परत आले. किल्ली बॉनेटवर ठेवली.

"ताई, घरात कात्री आहे का?"

लेबल त्यांनी दोन बोटांत ताणून धरलं होतं.

कलावतीने मान वर केली.

"कोयता हाय. चालंल?"