दोन खण आणि उलटी पडलेली कार्डं

मित्रांनो, मला पाहून तुम्हाला वाटेल, ही कुणाची तरी सुया-दोऱ्यांची पेटी असणार. आहेच मी एवढीशी. अक्रोडाचं लाकूड, पितळी बिजागऱ्या, आत दोन खण आणि झाकणावर दोन फटी. वय शंभरच्या पुढे. पण अमेरिकेचा अध्यक्ष कोण होणार, ते आमच्या राज्यापुरतं माझ्या पोटात ठरतं. हसू नका. मला स्वतःलाच अजून पटत नाही.

मला बनवलं हॅल्वर स्टेन्सरुडनं. नॉर्वेहून आलेला सुतार, चर्चची बाकं करायचा. राज्याच्या राजधानीत ही दगडी इमारत नुकतीच उभी राहिली होती. कारकून मोजमाप घेऊन त्याच्या दुकानात आला.

हॅल्वरनं विचारलं, "किती वापर असणार हिचा?"

"चार वर्षांतून एकदा. डिसेंबरात. एक दुपार."

हॅल्वरच्या हातातला रंधा तसाच राहिला. "चार वर्षांतून एक दुपार? अहो, मग काकडीच्या लोणच्याच्या बरणीत टाका की मतं!"

"आणि खण दोन पाहिजेत," कारकून म्हणाला. "डावा अध्यक्षाचा, उजवा उपाध्यक्षाचा. पूर्वी वेगळं लिहीत नसत. एकदा दोघांना सारखीच मतं पडली. मग कोण अध्यक्ष नि कोण उप? सभागृहानं छत्तीस वेळा मतं घेतली, तेव्हा कुठं सुटलं."

"छत्तीस वेळा!" हॅल्वर म्हणाला. "माझी बायको तिसऱ्यांदा विचारलं तरी दार आपटते." आणि त्यानं मधली फळी इतकी घट्ट बसवली की आजही एक कागद इकडचा तिकडे जात नाही.

आता माझं काम सांगते. नोव्हेंबरात लोक रांगा लावून मत देतात. त्यांना वाटतं अध्यक्ष निवडला. खरं तर त्यांनी निवडलेले असतात आमच्या राज्याचे दहा इलेक्टर. ते दहा जण डिसेंबरात इथे जमतात, दोन कार्डांवर दोन नावं लिहितात आणि माझ्यात टाकतात. सगळ्या देशात असे पाचशे अडतीस. दोनशे सत्तर ज्याला मिळाले त्याची खुर्ची. आणि खुर्ची म्हणजे काय साधी? फौज त्याच्या हुकमात, कैद्याला माफी त्याच्या हातात, कायद्यावर सही करायची की परत पाठवायचा ते त्याच्या मनावर.

माझ्या उजव्या खणाला मात्र कुणी विचारत नाही. डावा उघडला की टाळ्या, उजवा उघडला की लोक कोट शोधायला लागतात. पण मी इथे आल्यापासून तीन अध्यक्ष खुर्चीवर असताना गेले. शेवटच्याला तर गोळी घातली. त्या दिवशी मी तळघरात होते. झाडणारी आयरीन हातातला झाडू घेऊन जिन्यात बसली आणि म्हणाली, "त्याची मुलं एवढीशी आहेत गं." कुणाला म्हणाली कोण जाणे, तिथं माझ्याशिवाय कुणी नव्हतं. तासा-दोन तासांत उजव्या खणातल्या माणसानं शपथ घेतली. विमानात!

पुढे आणखी एक अजब झालं. उपाध्यक्षानं राजीनामा दिला. अध्यक्षानं नवा नेमला, दोन्ही सभागृहांनी हो म्हटलं. मग वर्षाच्या आत अध्यक्षानंच राजीनामा दिला आणि तो नेमलेला माणूस अध्यक्ष झाला. मी थक्क. ज्याचं नाव माझ्या ना डाव्या खणात पडलं ना उजव्या, तो थेट खुर्चीवर! सगळं कायद्यानं, बरं का. पण पेटीला काय वाटलं असेल ते पेटीलाच ठाऊक.

एरवी मी फडताळात. नाताळच्या दिव्यांच्या माळा माझ्यावर ठेवायचे. एकदा कुणीतरी इमारतीत सापडलेले हातमोजे माझ्यात भरून ठेवले होते, सगळे डाव्या हाताचे. असो. मला सांगायचंय ते त्या एका सोमवारचं.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या वेळी ब्रेनर्ड अध्यक्षपदाला आणि त्यांच्याच पक्षाच्या सटक्लिफबाई उपाध्यक्षपदाला उभ्या होत्या. निकाल इतका काठावर की दोघांच्या पदरात बरोबर दोनशे सत्तर. एकही जास्त नाही. बाहेर कडाक्याची थंडी होती नि आत टीव्हीचे कॅमेरे.

आमचे दहाही इलेक्टर त्यांच्याच पक्षाचे. त्यांत सगळ्यात वयस्कर होते ऑर्व्हिल टेस्डाल. वय अठ्ठ्याहत्तर. चाळीस वर्षं पक्षासाठी घरोघर फिरले, म्हणून हा मान तिसऱ्यांदा मिळालेला. नव्वद मैलांवरून स्वतः गाडी चालवत आले होते. गाडीत बायको अर्डिस आणि दुसरा इलेक्टर ड्वेन प्रुइट. ड्वेन वायरमन, तोंडाचा फटकळ.

"सकाळपासून एकदाही ओव्हरटेक नाही केलंत, ऑर्व्हिल," ड्वेन कॉफी ओतत म्हणाला. "एक ट्रॅक्टर पुढं गेला आपल्या. त्यातल्या बाईनं हात हलवला मला."

"जिवंत पोचवलं ना तुला?" ऑर्व्हिल म्हणाले. "मग खा वडी आणि गप बस." अर्डिसनं खजुराच्या वड्यांचा डबा आणला होता.

मतदान सुरू झालं. अध्यक्षस्थानी राज्याच्या सचिव लॉरेन हॉगन. त्यांनी प्रत्येकाला दोन कार्डं दिली. आणि इथंच ते झालं. आजवर अध्यक्षाचं कार्ड रुंद असायचं, उपाध्यक्षाचं अरुंद. यंदा छपाईचं यंत्र नवं होतं, म्हणून दोन्ही एकाच मापाची छापली. फरक फक्त वर बारीक अक्षरात छापलेल्या एका ओळीचा.

एकेक जण येऊन कार्डं टाकून गेला. ऑर्व्हिल आले. त्यांची बोटं आधी कार्डांच्या कडांवरून फिरली, मग माझ्या झाकणावरून, मग फटींवरून. अंधारात दाराची कडी चाचपत शोधावी तशी. मी दचकले. या माणसाला दिसत नाही! डावी फट बोटांना नीट सापडली, उजवीही सापडली. पण कार्डं? मला ओरडायचं होतं. लाकूड कसलं ओरडतंय!

लॉरेनबाईंनी डावा खण उघडला आणि वाचायला लागल्या. "ब्रेनर्ड. ब्रेनर्ड. ब्रेनर्ड." सातव्या कार्डावर थांबल्या. चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"या कार्डावर वर छापलंय, उपाध्यक्षपदासाठी. खाली लिहिलंय, ब्रेनर्ड."

कुणीतरी हसलं. मग कुणीच हसेना. त्यांनी उजवा खण उघडला. तिथं तेच, उलटं. वर छापलेलं अध्यक्षपदासाठी, खाली लिहिलेलं सटक्लिफ.

"खोडा नि सरळ करा की!" ड्वेन उठला. "आंधळ्यालाही कळेल काय म्हणायचंय ते."

"छापलंय त्यावर मी पेन लावणार नाही," लॉरेनबाई म्हणाल्या. "आज मी खोडलं तर उद्या प्रत्येक राज्यात कुणीतरी खोडेल. कार्ड आहे तसं मोजायचं. ब्रेनर्ड नऊ. सटक्लिफ नऊ."

"म्हणजे देशात दोनशे एकोणसत्तर!" ड्वेन पांढराफटक पडला. "एका मतानं गेली! आता अध्यक्ष वॉशिंग्टनचं सभागृह निवडणार. राज्याला एक मत. तिथं राज्यं दुसऱ्या पक्षाकडे जास्त आहेत. हरलो आपण! जिंकून हरलो!"

मित्रांनो, कोट्यवधी लोक थंडीत रांगेत उभे राहिले होते. आणि सगळं येऊन अडलं माझ्या दोन फटींपाशी.

"एक वाट आहे," लॉरेनबाई म्हणाल्या. "बिघडलेलं कार्ड बदलून मिळतं. पण ज्यानं लिहिलं त्यानं स्वतः उठून मागायचं, मतांच्या दाखल्यावर तुम्हा दहा जणांच्या सह्या होण्याआधी. सह्या मी दोन वाजता सुरू करणार."

घड्याळात एक पस्तीस.

"अक्षर बघा ना!"

"मत गुप्त असतं, मिस्टर प्रुइट. मी अक्षर बघणार नाही, तुम्हालाही बघू देणार नाही."

कुणी उठेना. ड्वेन वळला तो थेट रोशेल नाइगार्डकडे. रोशेल तिशीतली, शहरातल्या इस्पितळात नर्स. "रेडिओवर कोण म्हणालं होतं ब्रेनर्ड फार म्हातारा झालाय? तूच ना?"

"मीच. म्हातारा आहेच तो. मत तरी त्यालाच दिलंय."

"की मुद्दाम सटक्लिफबाईला वर चढवलंस?"

"ड्वेन, मी दिवसाला चाळीस औषधांची लेबलं वाचते," रोशेल म्हणाली. "एक चुकलं तर माणूस मरतो. दोन कार्डं वाचता येतात मला."

"मग उठत का नाही कुणी?"

कॅमेरे तिच्याकडे वळले. मागं कुणीतरी "लाज वाटत नाही?" म्हणालं. रोशेलनं ओठ घट्ट मिटले, पण डोळे भरले. लॉरेनबाईंनी मान वर करून "शांत राहा" म्हटलं, दोनदा, कुणी ऐकलं नाही.

मी ऑर्व्हिलकडे बघत होते. हातात वडी, न खाल्लेली. चुरा त्यांच्या सुटावर सांडत होता. मला राग आला त्यांचा. उठा ना हो! पोरगी फुकट मरतेय तुमच्यापायी.

एक वाजून बावन्न मिनिटांनी ते उठले.

"तिला सोडा," ते म्हणाले. "ती कार्डं माझी आहेत. वर काय छापलंय ते मला दिसलं नाही. गेले दीड वर्ष मला मधलं काहीच दिसत नाही. कडेकडेचं दिसतं."

"ऑर्व्हिल!" मागच्या बाकावरून अर्डिसबाई. एवढंच, पण मी इतक्या वर्षांत त्या सभागृहात तसा आवाज ऐकला नव्हता.

ड्वेन त्यांच्याकडे वळला. "पण... आज सकाळी... गाडी तुम्ही चालवत होतात!"

"रस्ता पाठ आहे मला."

"नव्वद मैल! बर्फावरनं! आणि मी ट्रॅक्टरवरून थट्टा करतोय!" तो मटकन खुर्चीत बसला.

"म्हणून तर हळू चालवत होतो."

रोशेल मात्र हसली नाही, सुटले म्हणून तिनं श्वासही सोडला नाही. ती हळूच म्हणाली, "मिस्टर टेस्डाल, दर मंगळवारी किडनीच्या पेशंटना आमच्याकडे तुम्ही घेऊन येता. तीन माणसं. मागच्या मंगळवारी रस्ता काचेसारखा झाला होता. मिसेस क्विगलीला तुम्हीच आणलंत. मीच तिला तुमच्या गाडीतून उतरवलं."

ऑर्व्हिलनी मान खाली घातली. "चावी गेली की माझ्याकडे काय राहतं, बाळा? घरात बसून भिंत बघायची, तीही कडेकडेनं?"

लॉरेनबाईंनी दोन कोरी कार्डं काढली. "मिस्टर टेस्डाल, वाचायला मदतीला माणूस घेता येईल. कोण हवंय?"

"तिची हरकत नसेल तर, नाइगार्ड."

हरकत असायला हवी होती, असं मला वाटतं. पण ती उठली. त्यांच्याशेजारी उभी राहिली आणि कार्डाच्या वर बोट ठेवून मोठ्यानं वाचलं, "अध्यक्षपदासाठी." त्यांनी लिहिलं. "उपाध्यक्षपदासाठी." त्यांनी लिहिलं. अक्षर वर चढत गेलं, पण नाव बरोबर होतं. डाव्या फटीत एक, उजव्या फटीत एक.

दहा आणि दहा.

टाळ्या नाही झाल्या. दाखल्याच्या सहा प्रती, प्रत्येकीवर दहा सह्या. ऑर्व्हिलच्या वेळी रोशेल ओळीवर बोट ठेवायची नि ते सही करायचे. सहा वेळा. तिसऱ्या सहीला ती म्हणाली, "उद्याचा मंगळवार मी बघते. मिसेस क्विगलीला फोन तुम्ही करायचा. खरं कारण सांगून."

"ती शिव्या घालेल."

"घालू दे."

सगळे निघाले तेव्हा अर्डिसबाई माझ्या टेबलापाशी आल्या आणि नुसता तळवा पुढं केला. ऑर्व्हिलनी खिशातून चावी काढली. तिच्या हातावर ठेवताना त्यांचा हात जरा चुकला, चावी माझ्या झाकणावर पडली, खण्णकन. बाईंनी ती उचलली. "दीड वर्ष," त्या म्हणाल्या. "दीड वर्ष पेपर हातात धरून बसायचास. पानंसुद्धा उलटायचास."

"तुला बरं वाटावं म्हणून."

"मला विचारलंस कधी?"

मित्रांनो, नंतर कार्डं पुन्हा दोन मापांची झाली. मला आता काचेच्या कपाटात ठेवलंय, महिन्यातून एकदा मऊ फडक्यानं पुसतात. माझ्यासाठी मला काही मागायचं नाही. मागायचंय ते वेगळंच. त्या दुपारी नऊ इलेक्टर ऑर्व्हिलबरोबर होते. दोघं त्यांच्या गाडीत होती. एक घरात होती. मला ते बोटांच्या पहिल्या स्पर्शात कळलं, या सगळ्यांना दीड वर्षात कळलं नव्हतं. तुमच्या घरात कुणी कागद हातात घेऊन खिडकीकडे सरकत असेल, जिना चाचपत उतरत असेल, तर जवळ जाऊन विचारा. तो नाहीच म्हणेल. हसून म्हणेल.

पुन्हा विचारा.