डॉरीनच्या खुणा

"नेव्ह, ते कान आहेत की उकडलेल्या कोळंब्या? सैल कर की तो हेडफोन!" त्याची सहकारी सेला म्हणाली.

"बरा आहे," नेव्हिल म्हणाला.

ऑस्ट्रेलियातल्या हर्वी बे या उपसागराच्या किनाऱ्यावरच्या त्या दोन खोल्यांत तो बावीस वर्षं देवमाशांची गाणी ऐकत होता. सुट्या आवाजांची ओळ, ओळींचं कडवं, कडव्यांचं गाणं. कुठे काय संपतं हे आता संगणक ठरवी. सगळ्या शक्यता तपासायला जन्म पुरला नसता, म्हणून तो एका अंदाजापासून निघे आणि तोच थोडाथोडा सुधारत जाई. तो पहिला अंदाज नेव्हिलच्या बायकोचा होता. डॉरीनने याच टेबलाशी बसून, हाच हेडफोन लावून खुणा केल्या होत्या. तिला जाऊन चौदा महिने झाले होते.

तिने खुणा केलेलं शेवटचं गाणं काही केल्या जुळेना.

"अडकलाय तुझा संगणक," सेला म्हणाली. "टेकडीवर चढून बसलाय. चहूकडे उतार, म्हणून हलत नाही. पलीकडे डोंगर असला तरी त्याला काय दिसणार?"

"डॉरीनचा कान चुकत नसे."

"मला सांगतोस? मला तिनेच शिकवलं. पण ती जिथे नवं कडवं म्हणते, तिथे मासा नुसता श्वासाला थांबलाय. तिच्या खुणा काढ. वीस वेगळ्या जागांवरून सुरू कर. सहा आठवडे तेच ते दळतोयस."

"आणि ती बरोबर असली तर?"

"तर विसातला एखादा तिच्यापाशी परत येईलच की."

नेव्हिलने खुणा काढल्या. सँडविच डब्यातच राहिलं. दुपारपर्यंत सतरा अंदाज एकाच ठिकाणी पोचले, तीन भलतीकडे भरकटले. डॉरीनपाशी एकही आला नाही.

सेलाने चहा ठेवला.

त्याने अहवालात लिहिलं, 'जुनी सुरुवात चुकीची होती. ती माझ्या आग्रहामुळे राहिली.' खाली सही केली. मग हेडफोन चढवून डॉरीनने नवं कडवं म्हटलेली ती जागा लावली. गाणं थांबलं. खरंच, श्वासच होता.

त्याचा हात डोक्यावरच्या पट्टीकडे गेला. ती अजून डॉरीनच्या मापाच्या खाचेत होती. अंगठा तिथे टेकला, थांबला, आणि हात खाली आला. कान ठणकत होते. गाणं पुन्हा सुरू झालं.