दुकानदाराची वजनं

"काकूंचं यकृत निकामी झालंय, काका. दुसरं काही देत होतात का? चूर्ण, काढा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गुडघ्यांसाठी एक चूर्ण. पण ते झाडाच्या मुळीचं आहे. त्याने काय होणार?"

त्यांनी नाव लिहून घेतलं. दुपारी चार वाजता बायको गेली.

चूर्ण मीच मोबाइलवर शोधलं होतं. ती नको म्हणत होती. मी तीन रविवार वाचत बसलो. त्या पानावर पांढऱ्या कोटातला माणूस होता, आलेख होता, 'शास्त्रीय आधार' असा मथळा होता आणि खाली नऊशे लोकांचे अनुभव.

"एवढं माझ्या स्थळाबद्दल वाचलं असतंत, तर सुटला असतात," ती म्हणाली आणि नाक मुरडून चूर्ण घेतलं.

पुढे तिचे डोळे पिवळे दिसायला लागले. मी पुन्हा तेच पान उघडलं. शरीरातली घाण बाहेर पडताना असं होतं, मात्रा वाढवा, असं तिथे होतं. मी एकाचे दोन चमचे केले.

ती गेल्यावर दीड महिन्याने लेक राहायला आली. मी म्हटलं, मला खरं काय ते शोधून दे. तिने चूर्णाचं नाव टाकलंच नाही, त्यातल्या मुळीचं टाकलं. एका विद्यापीठाचं पान निघालं. चित्र नाही, काही नाही, नुसता मजकूर. तिने मला मराठीत सांगितलं: काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याची नोंद आहे. कावीळ दिसली तर लगेच थांबवावं.

"म्हणजे माझ्यामुळेच."

"तसं नाही लिहिलेलं, बाबा. होऊ शकतं, एवढंच आहे. खात्रीने कोणीच नाही सांगू शकणार."

"आणि मी वाचलं ते?"

"ते विकणाऱ्याचंच पान."

मी वजनकाटे दुरुस्त करतो. काटा तपासताना दुकानदाराची वजनं आधी बाजूला ठेवायला लावतो आणि पिशवीतली माझी पितळी वजनं काढतो. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही. लेकीला हे ठाऊक आहे. ती उठून पाणी घेऊन आली.

मग मी ते विकणाऱ्याचं पान उघडून खाली गेलो. नऊशे अनुभवांत एक माझा होता. चूर्ण सुरू केल्यावर दुसऱ्या आठवड्यात लिहिलेला. 'पत्नीला फरक पडला. जिना चढते. निर्धास्त घ्या.' त्याखाली एका बाईने विचारलं होतं, 'काका, माझ्या आईला देऊ का? तिला आधीच कावीळ होऊन गेली आहे.' विकणाऱ्याने तिला उत्तर दिलं होतं, 'अवश्य द्या.'

"लिहा ना, नका देऊ म्हणून," लेक म्हणाली.

लिहिलं. 'तपासून प्रसिद्ध करू' असं आलं. दुसऱ्या दिवशी बघितलं, नव्हतं. पुन्हा लिहिलं. आता तर लिहायची जागाच उघडत नाही. माझा जुना अनुभव काढून टाका म्हणून पत्र पाठवलं, त्याला उत्तर नाही. तो अजून तिथेच आहे, लोकांना आवडतोही आहे.

त्या बाईचा पत्ता नाही, नंबर नाही. तिला अजून सांगायचं राहिलं आहे.