फोटोखालचं नाव

कुडपणच्या ओहोळावर दहाव्याचे पिंड ठेवून दोन तास झाले, तरी कावळा शिवेना. समोरच्या उंबरावर पाच-सहा बसले होते, पण एक खाली उतरेल तर शपथ! ठकूबाईच्या मुलानं, भागोजीनं, हात जोडून सगळं कबूल केलं. धाकटीचं लगीन लावतो, गाय इकत नाय, भावाशी भांडत नाय. कावळे ढिम्म. भटजींनी शेवटी दर्भाचा कावळा करायचा विषय काढला.

मागं वरद उभा होता. महाडला त्याचा फोटो स्टुडिओ. म्हातारी कशात अडकलीय ते त्याला पक्कं ठाऊक होतं.

तीन वर्षांपूर्वी, २००६ साली, तो कॅमेरा घेऊन कुडपणला फिरत आला होता. ठकूबाईची म्हैस त्याच सकाळी कड्यावरून पडून मेली होती. केस सुटलेले, तोंड वासून म्हातारी रडत बसलेली. यानं फोटो काढला.

"बाबा, डोईवर पदर नाय माज्या. ह्यो कुनाला दावू नको."

"नाही दाखवत, आजी."

आणि चौथ्या दिवशी पठ्ठ्यानं सायबर कॅफेत बसून तोच फोटो इंटरनेटवर चढवला! फोटो वाटायच्या त्या साइटनं विचारलं होतं, हक्क राखून ठेवायचे, की वाटेल त्याला वापरू द्यायचं? वरदनं दुसऱ्या चौकटीत खूण केली. अट एकच, खाली माझं नाव हवं. नावाची हाव, दुसरं काय!

वर्षभरात मुंबईच्या कुणा प्रकाशकानं तो भुताच्या गोष्टींच्या पुस्तकावर छापला. वर लाल अक्षरांत 'हडळ', खाली ठकूबाई. मुंबईला कामाला असलेल्या सदूनं ते पुस्तक गावात आणलं. मग पोरं तिला बघून पळू लागली. म्हातारी दिवसाढवळ्या पाण्याला जायची बंद झाली. एकदा एसटीनं महाडला आली, स्टुडिओच्या दारात उभी राहिली. "जित्तेपनी माजं भूत केलंस रे," एवढंच म्हणाली नि गेली. वरदला तिला पाणीसुद्धा विचारायचं सुचलं नाही.

"वरद, तू बोल," भागोजी म्हणाला. "आईचा जीव त्या फोटोत हाय."

वरद पुढं झाला. "आजी, तो फोटो जगातनं पुसून टाकतो. एकही ठेवत नाही."

कावळा झपकन उतरला. भागोजी वरदच्या गळ्यात पडून रडला.

त्याच दुपारी महाडला येऊन वरदनं साइटवरून फोटो काढून टाकला. सुटलो बाबा, असं वाटलं. मग शोधायला बसला, तर तोच फोटो आणखी तीस-पस्तीस ठिकाणी! त्यानं एकेकाला पत्र लिहिलं, पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं. उत्तरं आली ती गोड भाषेत. तुम्ही परवानगी दिली होती, तेव्हाच आम्ही घेतला. एकदा दिलेली मागं घेता येत नाही, नियम वाचा. त्यानं वाचले. खरंच तसं होतं.

मग सायबर कॅफेत बसून शोधणं रोजचंच झालं. कुठं तिचे डोळे लाल केलेले, कुठं तोंडातनं रक्त. स्टुडिओत कुणी बाई समोर बसली की वरदला तिचे केस सुटलेले दिसायचे. "ताई, डोक्यावर पदर घ्या ना," तो काकुळतीला येऊन म्हणायचा. बायका चमकून बघायच्या.

बाजाराच्या दिवशी नाचणीची पिशवी घेऊन भागोजी त्याला शोधत थेट कॅफेत आला.

"तुज्यामुळं आई सुटली रे. आता सपनात पन येत नाय. समदीकडनं पुसलास ना?"

वरद कॉम्प्युटरला पाठ लावून उभा राहिला. "हो. सगळीकडनं."

भागोजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि पिशवी ठेवून तो गेला.

वरद वळला. ती तिथंच होती. शोधायला त्याला फार खटपट लागत नसे. घेणाऱ्या प्रत्येकानं त्याची अट इमानानं पाळली होती. स्वतःचं नाव टाकलं की ठकूबाई यायची, तोंड वासून, पदराविना.